नकार कळवला नाही तर

३ नोव्हेंबर, सोमवार

संपादकांचा फोन. रविवारच्या पुरवणीत समोरासमोर दोन लेख हवेत. विषय — माणसाने जिवंतपणी नकार कळवला नसेल, तर मेल्यावर त्याचे अवयव घ्यायला त्याचा होकारच आहे असं कायद्याने समजावं का? मला ‘समजावं’ची बाजू. आठशे शब्द. जमेल का, असं त्यांनी विचारलं नाही. म्हणजे माझाही होकार समजला!

गेली कित्येक वर्षं मी वसईहून रस्ते, गटारं आणि सत्कार कळवतो. संस्कृतात एम.ए. केलेल्या माणसाला गटारांवर लिहिताना समास फार चांगले सुचतात. पण हा विषय वेगळा.

विरोधी बाजू प्लासिडची. आमच्याच भुईगावातला, चर्चच्या बाजूचा. निवृत्त मुख्याध्यापक. मला ‘पंडित’ म्हणतो, तेही चारचौघांत.

मी तटस्थ नाही, हे इथे लिहून ठेवतो, लेखात लिहिणार नाही. धाकटी बहीण रुचिता डायलिसिसवर आहे. शाळेतली नोकरी सोडून माहेरी येऊन राहिली त्याला वर्ष उलटून गेलं. आईला साखर, म्हणून तिचं मूत्रपिंड घेता येत नाही. माझा रक्तगट जुळत नाही. रुचिताचं नाव यादीत आहे. यादी लांब आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

रुचिताला विषय सांगितला. मशीनवरून नुकतीच आली होती, चेहरा पिठासारखा.

“माझं नाव घालू नकोस हां दादा. शाळेतली पोरं वाचतील.”

“तुझी पोरं पेपर वाचतात?”

“नाही. तरी घालू नकोस.”

मग वाटीतला बर्फाचा खडा तोंडात टाकून बसली. पाणी मोजून प्यायचं असतं, म्हणून बर्फ. तो पुरवून पुरवून विरघळवण्यात तिने जे कौशल्य मिळवलंय, ते बघवत नाही. मी पेपर वाचत बसलो. उलटा नव्हता, एवढंच.

६ नोव्हेंबर, गुरुवार

घरातून विरोध!

मला वाटलं होतं, आई तरी माझ्या बाजूने असेल. पोटची पोर वाट बघतेय. तर म्हणते, “रुचिताला मिळायलाच हवं. पण कोणाच्या पोटातून न विचारता काढलेलं तिच्या पोटात नको.”

“आई, तो माणूस मेलेला असतो.”

“मेल्याच्या घरी कोणी नसतं का रे? उद्या हिला साधा ताप आला तरी मला वाटेल, त्याच्या आईने शिव्या दिल्या.”

वैद्यकशास्त्राला याचं उत्तर नाही.

शेजारच्या वाडीत आत्माराम काका पानांच्या चवड्या लावत बसला होता. बाबांचा धाकटा भाऊ, साठीचा, काकी गेल्यापासून तो आणि त्याचा मुलगा जितेश दोघेच. कुंपणावरून त्याला विचारलं, “काका, तुमचं काय? तुम्ही गेलात आणि डोळे, मूत्रपिंडं दिली तर?”

“बघू.”

“कधी बघणार?”

“गेल्यावर बघू.”

काकाचं हे ‘बघू’ सोसायटीच्या निवडणुकीपासून माझ्या लग्नापर्यंत सगळीकडे पुरलेलं आहे. माझं लग्न झालं नाही. निवडणूक तो जिंकला. तेव्हा ‘बघू’चा अर्थ काय, हे अजून कोणी ठरवू शकलेलं नाही. लेखासाठी मात्र माणूस नमुनेदार! होकार नाही, नकार नाही. सगळा देश असाच आहे. अशांचं करायचं काय, एवढाच तर प्रश्न आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

प्लासिडच्या ओट्यावर. शत्रुपक्षाची तयारी पाहावी म्हणून गेलो. त्याने चहा दिला, तयारी दाखवली नाही.

मी म्हटलं, “तुमच्या चर्चमध्ये लग्नाआधी रविवारी नावं वाचतात. कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. कोणी बोललं नाही की लग्न लागतं. गप्प राहणं म्हणजे होकार, हे तुमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालतंय की!”

प्लासिड शांतपणे म्हणाला, “पंडित, गप्प राहतात ते शेजारी. नवरा-नवरीला ‘हो’ म्हणावंच लागतं. त्यांनाही विचारलं नसतं, तर अर्ध्या भुईगावाचं लग्न माझ्याशी लागलं असतं.”

आतून फ्लॉसीवहिनी म्हणाल्या, “एकीचं लागलं तेवढं पुरे.”

मुद्दा लिहून घेतला. माझ्या लेखात येणार नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

लेख अर्धा झाला. इथपर्यंत पक्का — नोंदणी करणारे थोडे असतात, ते विरोध असतो म्हणून नव्हे, आळसाने. मग आळसाचा फायदा जाळण्याला का, जगवण्याला का नाही? ज्याला नको त्याने एक ओळ लिहून कळवावं. वाक्य जमलंय.

अडलो ‘दान’ शब्दाशी. कॉलेजात पाठ केलं होतं : आपली मालकी सोडून दुसऱ्याची मालकी निर्माण करणं म्हणजे दान. सोडणारा लागतो. सोडलंच नसेल आणि उचललं, तर त्याला दुसरं नाव द्यावं लागेल. ‘घरपट्टी’ चालेल.

हे वाक्यही जमलंय. पण ते प्लासिडच्या बाजूचं आहे. खोडलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काका पडला. पाण्याचा पंप बंद करायला गेला तो तिथेच. जितेश कामावर. आईला पंपाचा आवाज थांबेना म्हणून शंका आली, ती गेली, तर केळीत घोटाभर पाणी आणि काका पाटाच्या कडेला. मेंदूत रक्तस्राव. खाडीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवला. मी रिक्षातून त्याचं डोकं धरून पहिल्या दवाखान्यापर्यंत. त्याची चप्पल माझ्या पिशवीत राहिली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

व्हेंटिलेटर. फरक नाही. जितेश लिफ्टसमोरच्या बाकावर बसून आहे. खाल्लंस का, विचारलं तर मान हलवतो. कुठल्या बाजूला, ते कळत नाही. बापाचा मुलगा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कायद्याने लागणाऱ्या दोन्ही तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं — मेंदू मृत आहे. छाती हलतेय ती यंत्रामुळे. थोड्या वेळाने एक बाई आली. अवयवदानाचं काम बघते. तरुण, आवाज अगदी खाली. म्हणाली, घाई नाही, पण विचारणं माझं काम आहे. आपल्याकडे घरच्यांनी लिहून दिल्याशिवाय काही घेत नाहीत.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तज्ज्ञ!

जितेश म्हणाला, “दादा, तू बोल ना. तूच लिहितोयस ना यावर. मला काय कळतंय.”

मी तोंड उघडलं. आणि खाटेला लावलेल्या कागदावर काकाचा रक्तगट दिसला. रुचिताचाच.

बाईने आधीच सांगितलं होतं, कोणाला मिळणार ते यादी ठरवते, घरातलं म्हणून मिळत नाही. ठीक. पण यादी हलली तर रुचिताही हलणार. मी ‘द्या’ म्हटलं असतं, तर ते कोण म्हणालं असतं? लेख लिहिणारा की भाऊ? मरणाऱ्याच्या पायाशी उभा राहून मी आकडेमोड करतोय, हे माझं मलाच दिसत होतं. गप्प राहिलो.



तेव्हा आई उठली.

आमच्या वाड्यांतला रिवाज आहे. दुसऱ्याच्या वाडीतलं काही हवं असेल — पान, केळफूल, देवाला चार फुलं — तर कुंपणाशी उभं राहून मालकाला नावाने तीन हाका मारायच्या. ओ आली नाही, तर गरजेपुरतं घ्यायचं. ती चोरी नव्हे. ओ आली, तर मालक जागेवर आहे, मग त्याची मर्जी.

आईने पदर खोचला, खाटेच्या पायथ्याशी गेली. “आत्माराम!” वाडीत मारते तेवढ्याच मोठ्याने. नर्स दचकली. आई थांबली. यंत्राचा आवाज. “आत्माराम!” पुन्हा थांबली. मी तिच्या पाठीकडे बघत होतो. न विचारता घेतलेलं नको म्हणणारी माझी आई, तिला माहीत असलेल्या एकमेव रीतीने विचारत होती.

“आत्मारामाऽ!”

“ओ.”

माझ्या शेजारून आलं. जितेश. मान खाली.

आई वळली. त्याच्याकडे बघितलं. “बरं,” म्हणाली, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि बाहेर गेली.

बाई माझ्याकडे बघायला लागली. मी तिला बाजूला नेऊन मराठीचं मराठीत भाषांतर करून दिलं, “मुलाची इच्छा नाही.”

“ठीक आहे,” म्हणाली. बहुतेक रोज ऐकत असावी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काकाला अग्नी दिला. जितेश एक अक्षर बोलला नाही. लोक त्याच्याशी नापास झालेल्या मुलाशी बोलतात तसं जपून बोलत होते. मीसुद्धा.

१६ नोव्हेंबर, रविवार

राग येतोय. लिहितो, म्हणजे उतरेल. दोन चांगली मूत्रपिंडं जळाली. दोन माणसं होती तिथेच राहिली. त्यातली एक रुचिता असती असं नाही. नसती असंही नाही.

कायदा माझ्या बाजूचा असता, तर हा प्रश्नच आला नसता. काकाने नकार कळवलेला नव्हता. ‘बघू’ कुठे नोंदवता येत नाही.

रुचिता म्हणाली, “जितेशवर डाफरू नकोस. बाप गेलाय त्याचा.”

“डाफरलो कुठे?”

“तू गप्प बसून डाफरतोस, दादा.” मग म्हणाली, “आणि मला काकाचं नकोच होतं. पोटात बसून प्रत्येक कामाला ‘बघू’ म्हणालं असतं.”

हसली. मी पण. मग तिने भिंतीकडे तोंड केलं, आणि मी दिवा लावायचं कारण काढून उठलो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

लेख पूर्ण करून पाठवला. बाजू सोडली नाही — नकार नसेल तर होकार समजा, असंच म्हटलंय. पण शेवटी लिहिलं : माझ्याच घरात एक माणूस गेला, त्याने काही सांगितलेलं नव्हतं, देण्याची वेळ आली आणि मुलाने नकार दिला. मला ते पटलं नाही, पण त्या नकाराचा मी आदर करतो. तेव्हा कायदा कसाही करा. घ्यायच्या आधी दारात उभं राहून हाक मारा, आणि आतून ओ आली तर थांबा.

संपादक म्हणाले, “अहो, मग हे सध्या चालतं त्यापेक्षा वेगळं काय?”

मी म्हटलं, शब्द बरोबर आठशे आहेत.

घेतला.

२३ नोव्हेंबर, रविवार

काकाचं दहावं. लेखही आजच आला. माझ्या फोटोखाली प्लासिडचं नाव आणि प्लासिडच्या फोटोखाली माझं.

चर्चमधली मिस्सा सुटल्यावर त्याचा फोन. “पंडित, मी तुझ्या विरोधात लिहिलं, तूही तुझ्या विरोधात लिहिलंस. मग दोन माणसं कशाला लावली?” पुढे आवाज उतरवून, “जितेशबद्दलचं चांगलं लिहिलंस. रागाने नाही लिहिलंस.”

बरं वाटलं. काकाच्या घरी पेपर कोणीतरी नेऊन दिलाय, असं आई म्हणाली. म्हटलं, वाचू दे. आदरच केलाय.

२४ नोव्हेंबर, सोमवार

जितेश आला. हातात पेपर.

“दादा, मी नकार दिला असं लिहिलंयस.”

नाव घातलेलं नाही, म्हटलं.

“नावाचं नाही रे. मी कुठे नकार दिला?”

“ओ दिलीस ना?”

“दिली. काकूने हाक मारली. पप्पा ओ देणार नव्हते, म्हणून मी दिली. वाटलं, आता विचारेल. ‘घे’ म्हणायला मान वर केली, तर काकू बाहेर गेलेली. तू त्या बाईला घेऊन गेलेला. मला वाटलं, तुमचाच विचार बदलला.”

रुचिता आतल्या खोलीत होती. दार उघडं होतं.