लॉबीतला सोफा

पिंपळे सौदागर

अक्का, तुझ्या धाकट्या भावाचा, गणराजचा, वाकून नमस्कार.

मी बरा आहे. गुडघ्यांना तेल लावतेस ना?

ज्या सोसायटीच्या गेटवर मी वॉचमन आहे, तिथले लोक फार सुसंस्कृत आहेत. कुणी आवाज चढवत नाही. मलासुद्धा 'थँक यू' म्हणतात.

काल झाडलोट करणाऱ्या सुमनताईंना चक्कर आली, म्हणून त्या लॉबीतल्या सोफ्यावर बसल्या. कामवाल्यांनी तिथं बसायचं नाही, असा नियम आहे. मी हात जोडून त्यांना उठवलं आणि जिन्यात बसवलं. सेक्रेटरी म्हणाले, "किती शांतपणे सांगितलंत!" मग मी डबा खाल्ला. वांग्याची भाजी होती.

आपल्या दारात कुणाला भोवळ आली, की तू आधी बाज टाकायचीस.

इथं मला कुणीच रागावलं नाही, अक्का. पत्रात तू तरी रागाव.

तुझाच,
गणराज