क्लोव्हरला कोणी खायला दिलं

१४ मे
आजच! फाटकाची साखळी अडकवताना टॅम्झिन मागे वळून हसली आणि माझं सगळं तिथेच उलटंपालटं झालं. आई म्हणते, लीड्सचं कॉलेज अर्धवट टाकून हा फुकटात गायी बघत फिरतो. म्हणू दे! दर गुरुवारी टेकडीवर जोडीला टॅम्झिन असते.

काम साधं. गायी चरल्या नाहीत तर काटेरी झुडपं टेकडीवरची रानफुलं गिळतात, म्हणून गॅरडकाकांच्या तांबड्या गायी इथे सोडल्यात. आम्ही स्वयंसेवकांनी आळीपाळीने बघायचं – पाणी आहे ना, कोणी लंगडत नाही ना. बसलेलीला उठवून चालवायचं. आणि खायला काही द्यायचं नाही! राखीव टेकडी सांभाळणारी हिलरी दर वेळी बजावते, 'हाताची चटक लागली की गाय माणसांच्या अंगावर येते.'

२१ मे
टॅम्झिनच्या खिशात सफरचंदाच्या फोडी! क्लोव्हर (गायीचं हे नाव तिनेच ठेवलंय) धावत आली, तिचा तळवा चाटला. मी म्हटलं, अगं, हिलरी–
'गप रे, चहाडखोर!' आणि ओला हात माझ्याच बाहीला पुसला.
हा शर्ट धुवायला टाकणार नाही.

४ जून
पुन्हा फोडी. पुन्हा मी गप्प.

९ जून
घात झाला. फिरायला आलेल्या एका बाईंच्या खिशात क्लोव्हरने तोंड घातलं. त्या मागे सरकल्या, तिने ढुशी दिली. मनगट मोडलं बिचाऱ्यांचं.

१० जून
हिलरीने सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. 'कोण खायला देत होतं?' टॅम्झिन पांढरीफटक, स्वतःच्या बुटांकडे बघत. माझं डोकं सटकलं – 'मी! मीच! काय करायचं ते करा!'

हिलरी ओरडली असती तर बरं. नुसतं म्हणाली, 'तुझ्याकडून नव्हतं रे वाटलं.' आता मी गायींकडे फिरकायचं नाही.

गॅरडकाका म्हणाले, 'ती गाय जाणार. माझ्या शेतातूनही लोकांची पायवाट आहे. ठेवू कुठे?'
जाणार म्हणजे कुठे?
'कत्तलखान्यात, पोरा. आणखी कुठे?'

बाहेर टॅम्झिनने मिठी मारली. 'किती चांगला आहेस तू!' ह्याच मिठीसाठी महिनाभर झुरलो. आणि डोळे मात्र तिच्या खांद्यावरून टेकडीकडे. क्लोव्हर चरत होती.

१२ जून
गॅरडकाकांना फोन. म्हटलं, मी पाळतो तिला. 'कुठे? आईच्या बाल्कनीत?' रागाने फोन आपटला. परत लावला, माफी मागितली. 'सोमवारी गाडी येतेय,' एवढंच म्हणाले.

१५ जून
गाडी आली आहे. क्लोव्हर जवळ येत नाही. काकांचा फोन – 'दामटली तर बिथरेल. तुझ्या हाताची सवय आहे ना? ये. तुझ्यामागे चढेल.'

माझ्या हाताची!

टॅम्झिनला फोन करून सांगितलं, तू चल. निदान शेवटी ओळखीचं माणूस दिसू दे तिला. तर म्हणते, 'मला नाही बघवणार. आणि सगळ्यांना कळेल ना रे.'

१५ जून, जरा वेळाने
क्लोव्हर माझ्याकडे आली नाही, तर खोटं उघडं पडेल. आली, तर त्याहून वाईट.

टॅम्झिन पुन्हा फोन करतेय. वाजू दे. बूट घातलेत. निघतो, दार ओढून घेतो.