चोपन्न किलोच्या गटात

मम्मी, मी बॉक्सिंगच्या वरच्या वजनगटात गेले. अठ्ठेचाळीस किलो सोडून चोपन्नमध्ये. तुला जाऊन अकरा वर्षं झाली. तेवढ्या काळात तुला सांगण्यासारखं पुष्कळ घडलं, पण हे मात्र पहिल्यांदा तुलाच सांगायला हवं होतं असं राहून राहून वाटतंय. पप्पांना सांगितलं तेव्हा ते ड्राइव्ह-वे शोव्हल करत होते. थांबले, टोपी मागं सारली आणि म्हणाले, "म्हणजे आता जेवणार तू?" मी हो म्हटलं. ते परत बर्फ उचलायला लागले. मला वाटतं ते रडत होते, पण इथल्या थंडीत कुणाच्या डोळ्यांतलं पाणी कशाचं आहे ते कळत नाही.

कॅनडात आल्यावरचं ब्रॅम्पटनचं आपलं बेसमेंट मी कधीच विसरणार नाही. तेव्हा तू एअरपोर्टजवळच्या किचनमध्ये कामाला होतीस, विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायला. एक डाव भात, एक डाव रस्सा, वर फॉइल, की ट्रे पुढं सरकला. घरी यायचीस तेव्हा तुझ्या स्वेटरला गार भाताचा आणि साबणाच्या पाण्याचा वास असायचा. मी सतरा वर्षांची. प्रांताच्या स्पर्धेसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी वजन होणार आहे आणि माझं अजून जास्त भरतंय. कचऱ्याची काळी पिशवी अंगात घालून, त्यावर दोन स्वेटशर्ट चढवून मी तुझ्या स्टोव्हशेजारी जागच्या जागी धावतेय, कारण घरात तेवढाच कोपरा गरम आहे. मध्येच थांबून एका प्लास्टिकच्या ग्लासात थुंकते, तेवढंच अंगातलं पाणी कमी. तू आपला वसईचा बॉटल मसाला घालून कोंबडी केली आहेस. माझं ताट वाढून ठेवलंस आणि मी ते हातानं बाजूला सारलं. तू गॅस बंद केलास, माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "दिवसभर मी कुणाकुणाची ताटं भरते. आकाशात बसून कोण खातं, कोण टाकतं, मला ठाऊक नाही. पण माझ्याच घरातलं भरलेलं ताट परत जातं, ते मी रोज बघते. तुला कुणी मारलं तर मी सहन करते, बाळा. तू स्वतःला मारतेस ते नाही बघवत."

मी थुंकायचा ग्लास उचलला आणि वॉशरूममध्ये जाऊन धावत राहिले.

दुसऱ्या दिवशी वजनाच्या हॉलबाहेर तू उभी होतीस. कामावरचेच कपडे, कपाळावर जाळीच्या टोपीचा वळ, हातात थर्मास. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर बोलणार. मी काट्यावरून उतरून बाहेर आले आणि तू झाकण उघडून पेज पुढं केलीस. मीठ घातलेली, गरम, पातळ. कोच केळं आणि एनर्जी ड्रिंक घेऊन आले होते, तर त्यांना तू इंग्लिशमध्ये ठणकावलंस, "आफ्टर. फर्स्ट धिस." पेजेचा शेवटचा घोट संपेपर्यंत ते हातात केळं धरून मुकाट्यानं थांबले. त्या दिवशी मी जिंकले, आणि घरी येताना बसमध्ये माझं मेडल तू तुझ्या गळ्यात घातलंस. शेजारी बसलेल्या पंजाबी बाईला हिंदीत सांगत होतीस, "मेरी बेटी का है, मैं तो सिर्फ पहनकर देख रही हूँ."

पुढच्या वर्षी तू आजारी पडलीस. हॉस्पिटलमध्ये दर खेपेला नर्स तुला काट्यावर उभं करायची. आकडा उतरत चालला होता आणि आकडा उतरणं म्हणजे काय हे मला चांगलंच माहीत होतं. फक्त आमच्याकडं तो उतरला की कोच पाठ थोपटायचे. एकदा दुपारी नर्सनं आकडा वाचला, "फॉर्टी-एट." मी भिंतीकडं बघायला लागले. तू माझा हात ओढलास. "बघ, आले तुझ्या गटात. कोचला सांग, लाव म्हणावं एक लढत मायलेकींची." मला हसू येईपर्यंत तू माझ्याकडं बघत राहिलीस. मी हसले. नर्सला काही समजलं नाही, तर तू तिलाही समजावून सांगितलंस आणि तीही हसली. मग तू माझ्याही खाली गेलीस.

त्यानंतर मी त्याच वजनात खेळत राहिले. देशाची चॅम्पियन झाले मम्मी, आणि ते बरीच वर्षं टिकवलं. वर का जात नाहीस असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, खालच्या गटात मी सगळ्यांत उंच आहे, माझा जॅब, लांबून मारलेला सरळ ठोसा, कुणाला पार करता येत नाही. ते खरंच होतं. पण दर स्पर्धेआधी उपाशीपोटी, कोरड्या जिभेनं काट्यावर चढताना तो आकडा दिसला की मला बरं वाटायचं, आणि ते नुसतं वजन बसल्याचं बरं वाटणं नव्हतं. तिथं तू भेटायचीस. हे मी कोचला कधी सांगितलं नाही. पप्पांनाही नाही.

मागच्या वर्षी दोरीवरच्या उड्या मारताना माझ्या पायाचं हाड चिरलं. कुणी मारलं नव्हतं, मी घसरलेही नव्हते. रिचमंड हिलला एका डॉक्टरबाईंकडं पाठवलं. त्यांनी पाय तपासला आणि मग विचारलं, शेवटची पाळी कधी आली होती? मला आठवेना. त्यांनी हाडांची तपासणी करायला लावली. रिपोर्ट आल्यावर खुर्ची माझ्याजवळ ओढून बसल्या. "वय झाकून हा रिपोर्ट मला कुणी दाखवला असता, तर ही साठीची बाई आहे असं मी म्हटलं असतं. तुला कुणी काय सांगितलंय ते मला माहीत नाही, पण तुझ्या अंगाला हे वजन कधीच पुरेसं नव्हतं." त्या रागावून बोलल्या असत्या तर मी उठून आले असते. त्या हळू बोलल्या, म्हणून मी बसून राहिले. त्या हिवाळ्यात माझा पाय प्लास्टरमध्ये होता आणि माझ्या गटाचं मेडल दुसऱ्याच मुलीनं नेलं.

पाय सुटल्यावर मी जिममध्ये गेले. तेच ते प्लाझामागचं, टायरच्या दुकानाला लागून असलेलं. कोच आता म्हातारे झालेत. मी वर जाणार म्हटल्यावर ते बराच वेळ हातावरची पट्टी गुंडाळत राहिले. "वर मुली मोठ्या आहेत," ते म्हणाले. "इथं तू उंच होतीस, तिथं तू बुटकी ठरशील. चॅम्पियन म्हणून थांबलीस तर लोक लक्षात ठेवतील. वर जाऊन हरलीस तर तेच लक्षात राहील." त्यांचं काही चूक नव्हतं, आणि मला घाबरवायलाही ते बोलत नव्हते. मी म्हटलं, "मला खेळायचं आहे आणि जेवायचंही आहे." त्यांनी पट्टी खाली ठेवली. "ओके. मग पाय कसे टाकायचे ते पहिल्यापासून शिकावं लागेल. लांबून मारायचं विसर. आत शिरायचं."

आत शिरणं मी शिकले. जेवणं जास्त कठीण गेलं. भूक लागली की मला अजूनही वाटतं, चला, आज काहीतरी चांगलं केलं आपण. ग्रोसरीत गेले की हात आपोआप काकड्यांकडं जातो. पप्पांनी रविवारी चर्चमधल्या मिसाहून आल्यावर स्वयंपाक सुरू केला. तुझी कोंबडी करायची म्हणून ते वसईला आत्याला व्हिडिओ कॉल लावतात आणि फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवतात. आत्या तिकडून ओरडते, "अरे जळला मसाला! दिसतोय मला इथून! वहिनी बघत असेल तर काय म्हणेल?" पप्पा म्हणतात, "ती म्हणेल, निदान केला तरी." पहिल्या रविवारी मीठ इतकं जास्त झालं होतं की आम्ही दोघं पाणी पीत पीत जेवलो. मी ताट संपवलं. पप्पांनी ते उचललं, धुतलं आणि पुसलंसुद्धा, जे ते कधीच करत नाहीत.

नव्या वजनातली पहिली लढत परवा झाली, माँट्रियलजवळ ब्रॉसार्डला. सकाळी काट्यावर चढले तेव्हा मी नाश्ता करून आले होते. तरी माझं वजन गटापेक्षा थोडं कमीच भरलं. लाइनमधल्या बाकीच्या मुली ओठ चाटत, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्याकडं बघताना मला कसंतरी झालं.

समोरची मुलगी माझ्याहून लहान होती, वयानं. खांद्यानं दुप्पट. पहिल्या फेरीत माझा जॅब तिच्यापर्यंत पोचेचना आणि तिचा प्रत्येक वेळी पोचत होता. दुसऱ्या फेरीत तिचा उजवा हात असा बसला की दिवे एकीकडून दुसरीकडं गेले. रेफरीनं तिला मागं पाठवलं आणि तो माझ्यासमोर बोटं धरून आठपर्यंत मोजायला लागला. पूर्वी अशा वेळी पाय पाण्यासारखे व्हायचे. या खेपेला ते खाली होते, माझेच, आणि मला उभं धरून होते. मी मान हलवली, खेळते म्हटलं. तिसऱ्या फेरीत मी आत शिरले. तिच्या छातीशी डोकं लावून बरगड्यांवर मारत राहिले आणि मला जाणवलं की माझ्याकडं अजून श्वास आहे. इतक्या वर्षांत तिसऱ्या फेरीत मी पाण्याशिवाय दुसऱ्या कशाचाही विचार केला नव्हता. या वेळी मला तिचे डोळे दिसत होते. कोच काय ओरडतायत ते ऐकू येत होतं. आणि मला मजा येत होती, मम्मी. शेवटची घंटा झाली तेव्हा मागं जात होती ती.

मी हरले. रेफरीनं तिचा हात वर केला. ती मला मिठी मारून फ्रेंचमध्ये काहीतरी बोलली, माझा चेहरा बघून थांबली आणि इंग्लिशमध्ये म्हणाली, "यू हिट हार्ड." हे मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. फास्ट म्हणायचे, स्मार्ट म्हणायचे. परतीच्या वाटेवर कोच गाडी चालवता चालवता एवढंच म्हणाले, "तिसरी फेरी तुझी होती. मी उगाच म्हणत नाही." मग प्रांताची स्पर्धा कधी आहे ते सांगायला लागले. माझं नाव द्यायचं का हे त्यांनी विचारलंच नाही, दिल्यासारखंच बोलत होते. मीही नको म्हटलं नाही.

आज ओठ सुजलाय आणि एक डोळा अर्धाच उघडतोय, म्हणून कामावर गेले नाही. पप्पा बाहेर गाडीला विंटर टायर्स लावून घ्यायला गेलेत. मी चौथीपर्यंत शिकलेल्या मराठीत हे लिहितेय, ऱ्हस्व-दीर्घ तू समजून घे. हे कुठं पाठवायचं मला माहीत नाही. सेमेटरीत तुझ्या कबरीवर नेऊन ठेवलं तर संध्याकाळपर्यंत ओलं होईल, आणि तिथं उभं राहून वाचायला मला लाज वाटेल. त्यामुळं हे इथंच राहील.

आणि खरं सांगू? परवा जिंकले असते तर मी हे लिहिलंच नसतं. जिंकल्यावर फोन करायला खूप लोक असतात, तेव्हा तुझी आठवण येत नाही. हरून घरी आले, पप्पांनी दार उघडलं आणि मी त्यांच्या खांद्यावरून आत बघितलं, स्टोव्हपाशी तू आहेस का.