दोर सोड

प्रिय विलासदादा,

बाबांची फियाट भंगारात घातली, असं मी तुला फोनवर सांगितलं ते साफ खोटं. बावीस वर्षं परसातल्या मांगरात निपचित पडलेलं तिचं इंजिन काल सुरू झालं!

मिरकरवाड्यात ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या इक्बालभाईंनी आठ दिवस त्या जाम झालेल्या इंजिनात तेल मुरवलं, मग पाना लावून हाताने फिरवत सोडवलं. एकही ब्रेक लागत नव्हता, म्हणून गाडी फणसाला बांधली आणि मी स्टिअरिंगवर बसले. दोनदा खोकून इंजिनाने असा काही सूर धरला, की इक्बालभाई बोटीवरच्या सवयीने ओरडले, “दोर सोड!” आईने लगेच सोडला. गाडी मला घेऊन उतारावरून थेट पेंढ्याच्या उडवीत! आई हसून हसून पायरीवरच बसली.

बाबांनी आणि तू मला या सीटवर कधी बसू दिलं नाहीत. म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही, गाडीच्या खणात ठेवते. शनिवारी तुला स्टेशनवरून घरी आणताना शेजारी बसून वाच. आणि दादा, दार घट्ट धरून बसू नकोस. ब्रेक नवे घातलेत.

तुझी, स्टिअरिंगवरची,
नीलम