रंभामावशीचं बाकडं

१० जुलै, गुरुवार. आषाढ पौर्णिमा.
आजपासून बुद्धविहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांचं, ग्रंथवाचन सुरू. आता आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी. शेजारची रंभामावशी मात्र दारातूनच परत गेली. गुडघे तिला खाली बसू देत नाहीत. कमिटीचे पोपटआप्पा म्हणाले, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आणू. मी उभा राहिलो. म्हणालो, खुर्च्या कशाला? लोखंडी बाकडं मी स्वतः करतो. टाळ्या पडल्या.
वेल्डिंग येत नाही. पण सणसवाडीच्या कंपनीत इतकी वर्षं स्टोअरला आहे, वेल्डिंगचे रॉड माझ्याच हातून जातात. म्हणजे अर्धं येतंच. पंधरा दिवस पुष्कळ झाले.

१७ जुलै, गुरुवार. सुट्टी.
शिरूरहून वेल्डिंगचं मशीन आणलं. व्हिडिओ पाहिले. त्यात तो माणूस हसत हसत करतो.
करुणा म्हणाली, "अहो, आधी काहीतरी बारकं करा. चपलांचं स्टँड करा." बारकं काम शिकाऊ लोकांचं. तरी बायकोचा मान राखला. रॉड पाइपला चिकटला. ओढला तर पाइपही सोबत आला. करुणा म्हणाली, "जोडलं की हो! आता सोडवा."
कारण: व्होल्टेज. लोकांच्या विहिरीवरच्या मोटारी चालू होत्या.

३१ जुलै, गुरुवार.
स्टँड झालं. चपला एका बाजूला घसरतात. करुणाने खाली विटेचा तुकडा लावलाय. पाइपला भोकं पडली. पाइप पातळ निघाला, दुकानदाराने फसवलं असावं. सकाळीच वंदना करून उठलेल्या माणसाने असा संशय घेणं बरं नाही. मागे घेतो. पण पाइप पातळच होता.
मावशी ओट्यावर भेटली. "जय भीम सतीश. आरं, बाकडं कवा रं?" म्हणालो, मावशी, मजबूत करतोय. ती म्हणाली, "मजबूत नगं बाबा, बूड टेकंल एवढं कर."
बाकड्याला हात लावलेला नाही. पण मनात पूर्ण तयार आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार.
बाकडं सुरू. तोंडावर काळी काच घेतली की काहीच दिसत नाही. म्हणून काच वर करून वेल्डिंगचे टाके मारले. प्रत्येक टाक्याला झगझगाट क्षणभरच.
संध्याकाळी विहारात वंदना चालू असताना डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं. पाणी थांबेना. आप्पांनी पाहिलं. भारावून म्हणाले, "बघा! याला म्हंत्यात श्रद्धा. वाचन ह्याच्या कानात न्हाई, काळजात गेलंय." सगळ्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. मीही जोडले. खरं सांगणार होतो, तेवढ्यात पुढची गाथा सुरू झाली. गाथा चालू असताना बोलू नये.
घरी करुणाने डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. म्हणाली, "श्रद्धेला बटाटा लागतो व्हय?"
खोटं बोलायचं नाही असं शील रोज घेतो. मी तर काहीच बोललो नाही. तरी तोंड भिंतीकडे करून पडलो.

२८ ऑगस्ट, गुरुवार.
माझ्या अश्रूंची गोष्ट वस्तीभर झालीय. परवा एकजण मुलाला माझ्या पाया पडायला घेऊन आला. समारोपाला बाकड्याचं उद्घाटन ठरलंय.
मावशीची सून सुरेखा रस्त्यात थांबवून म्हणाली, "भाऊ, तवर आत्याबाईंसाठी घरची खुर्ची नेते की मी. दिवसभर इचारत्यात, काल काय वाचलं म्हणून. मी ऐकून येते, पर कामात सांगायचं ऱ्हातं." मी म्हणालो, थोडं थांब, झालंच आहे. एकदा खुर्ची आली की बाकड्याला काय किंमत राहणार? हे तिला म्हणालो नाही. इथे लिहिलं. खोडावंसं वाटतंय.

११ सप्टेंबर, गुरुवार.
बाकडं उभं राहिलं. तीन पाय टेकतात, चौथा हवेत. म्हणून बाकीचे थोडे कापले. मग दुसराच हवेत गेला. पुन्हा कापले. आता चारही टेकतात, पण बाकडं पाटाएवढं झालंय. यावर बसण्यापेक्षा खाली बसणं सोपं. करुणा बघून गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.
उपाय सापडला: कापलेले तुकडे परत जोडायचे.

२ ऑक्टोबर, गुरुवार.
तुकडे जोडले. वर निळा रंग दिला, दोन हात. टाके आता कुणाला दिसत नाहीत. मलाही दिसले नाहीत, त्यामुळे जिवाला बरं वाटलं.
करुणा म्हणाली, "आधी तुम्ही बसून बघा." रंग ओला होता.
उद्या वाळेल. उद्या ड्युटी आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार. आश्विन पौर्णिमा.
मावशी नवं पांढरं लुगडं नेसून आली. आप्पांनी बाकड्याला हार घातला. मावशी बसली. टाळ्या चालू असतानाच पुढच्या पायाचा जोड सुटला. सुरेखाने तिला काखेत धरलं म्हणून लागलं नाही. मावशी सावकाश जमिनीवर आली आणि म्हणाली, "मजबूत म्हणालास न्हवं रं?"
कुणी हसलं नाही. हसले असते तर मान वर करता आली असती.
सुरेखा घरी जाऊन लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली. गेली आणि आली. एवढंच होतं ते काम. पूर्ण वर्षावासभर एवढंच होतं.
मग मी सांगून टाकलं. डोळ्यांचं खरं कारण, आणि सुरेखाला मी का थांबवलं तेही. आप्पा माझ्यासाठी आणलेला हार गुंडाळत राहिले.
मावशीने मला खुर्चीजवळ बोलावलं. म्हणाली, "जाऊ दे लेकरा. बाकड्याचं काय न्हाई. माझं वाचन तेवढं ऱ्हायलं. तू तर रोज पुढंच बसायचास. बस हितं. पहिल्यापास्नं सांग, काय काय वाचलं?"
बसलो. रोज पुढेच बसत होतो, हे खरं. आठवून पाहिलं. पाइप आठवला, रॉड आठवले, आप्पा समारोपाला काय बोलतील याची मनातल्या मनात केलेली भाषणं आठवली. वाचनातलं एक वाक्य आठवेना. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती.
शेवटी सुरेखानेच पहिल्या दिवसापासून सांगायला घेतलं. मावशी ऐकू लागली. मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.