कॅलेंडरच्या पाठीवरचे फोटो

माय,

या दिवाळीत मी दरेकसाला जाऊन आले. तुझी नात सोबत होती. तिनेच कपाटातून तो जुना अल्बम काढला आणि म्हणाली, "मम्मी, ये सब जगह अब भी होंगी ना? चल, देखके आते हैं." गोंदियात वाढलेली पोर, तिच्या तोंडी आधी हिंदीच येते, तुमचं दोघींचं बोलणं ऐकायला मोठी मजा आली असती. आम्हाला एकच दिवस मिळाला. पण गाडीत बसल्यापासून अल्बम मांडीवर घेतला होता आणि एकेक पान उलटत आम्ही आपली ती सुट्टी पुन्हा फिरलो.

सुट्टी म्हणावी अशी आपल्या घरात तेवढी एकच झाली. अर्जुनीकडच्या आपल्या बांध्यांत हलका धान कापून झाला होता, भारी धान अजून उभा होता, आणि मधल्या चार दिवसांत बाबांनी ठरवलं की दरेकसाला मावशीकडे जायचं. शाळेतल्या गुरुजींनी आपला कॅमेरा दिला, वर रोलही भरून दिला. बाबांनी तो गळ्यात असा अडकवला होता की गार्डनेही त्यांना सलाम करावा. पहिल्या दिवशी गाडीतले फोटो निघाले, दुसऱ्या दिवशी धबधब्यावरचे. प्रत्येक वेळी तू मला आणि धाकट्या बाबूला पुढे करून बाजूला सरायचीस. "माझा कायले काढता? पोरायचा काढा."

तिसऱ्या दिवशीची सकाळ मला आत्ताही दिसते. बाबा विहिरीवर आंघोळीला गेलेत. तू मावशीच्या चुलीपाशी बसली आहेस. पदराने धरून भाताचं झाकण उचलतेस, एक शीत बोटांत दाबून पाहतेस, झाकण पुन्हा ठेवतेस. मग त्याच हाताने खुंटीवरचा कॅमेरा काढतेस आणि त्याचं मागचं झाकण उघडतेस.

मी किंचाळले. तू दचकून माझ्याकडे पाहिलंस.

"झाले का नाही, पाहून राहिली होती व," तू म्हणालीस. "भात नाही का पाहत आपण?"

आत फोटो तयार होतात, एवढंच बाबांनी तुला सांगितलं होतं. उजेड लागला की ते जातात, हे सांगायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. मला मात्र गुरुजींनी वर्गात सांगितलं होतं, आणि दहा वर्षांच्या पोरीला चार गोष्टी ठाऊक असल्या की तिच्या तोंडाला लगाम राहत नाही. "तुले काहीच समजत नाही! अडाणी आहेस तू, अडाणी!" मावशीसमोर मी हे बोलले. मावशीचा हात पिठातच थांबला. बाबा ओल्या अंगाने धावत आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जाऊ दे, रोल बाकी आहे अजून." कॅमेरा बंद करून खुंटीला लावलास. भात झाला तेव्हा पहिलं ताट मलाच वाढलंस.

गाडीतले फोटो वाचले, शेवटच्या दिवसाचे चांगले आले. मधले अकरा गेले. अल्बमची तेवढी घरं रिकामी राहिली. ती पानं काढून टाका, असं बाबा म्हणाले, तर तू ऐकेनास. गेल्या सालचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलंस, कात्रीने फोटोच्या मापाचे अकरा तुकडे कापलेस आणि पाठकोऱ्या बाजू माझ्यापुढे मांडल्यास. "घे. जसा सांगन तसा लिवजो."

मी फुरंगटूनच लिहायला बसले. "यात बाबू खेकड्याले धरून राहिला आणि खेकडा बाबूले." "यात तुझे बाबा दगडावरून घसरले, पण उठून असे उभे राहिले का जसं काही झालंच नाही." "यात मावशीनं सीताफळ फोडलं, मधात किडा निघाला, तिनं किडा काढला आणि सीताफळ मले देल्लं." सांगताना तू स्वतःच हसत होतीस. मलाही हसू येत होतं, पण मी दाबून ठेवलं.

शेवटच्या तुकड्याला तू जरा थांबलीस. मग म्हणालीस, "यात मी आहो. एकटी. पाण्यात पाय टाकून बसली."

"असा फोटो बाबांनी काढलाच नाही," मी म्हणाले.

"तुले का मालूम? लिव."

मी लिहिलं, माय. पण तू सांगितलंस ते लिहिलं नाही. मी लिहिलं, 'हा फोटो खोटा आहे.' तू तो कागद हातात घेतलास, शाई वाळावी म्हणून त्यावर फुंकर घातलीस आणि जपून शेवटच्या घरात सरकवलास.

पुढे घरी कोणी आलं की अल्बम निघायचा. तुला प्रत्येक चिठ्ठी पाठ होती. तू बोट ठेवून सांगायचीस आणि शेवटच्या चिठ्ठीपाशी तुझा आवाज हळू व्हायचा, "यात मी आहो." मी कोपऱ्यात मान खाली घालून बसायचे. एकदा गुरुजी चहाला आले. त्यांनी अल्बम स्वतःच्या हातात घेतला. माझा जीव टांगणीला लागला. तू "यात मी आहो, पाण्यात पाय टाकून बसली" म्हणत असतानाच शेवटची चिठ्ठी त्यांनी वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि तुला म्हणाले, "वा बाई! पाण्यात पाय सोडून बसलेल्या. तुमचा फोटो सगळ्यांत छान." तू लाजून चहा आणायला आत गेलीस. गुरुजींनी अल्बम मिटून माझ्याच हातात दिला.

या दिवाळीला कळलं, की तुझं ते कॅमेरा उघडणं आमच्यावर किती मोठे उपकार करून गेलं. जे फोटो धड निघाले, त्यांत आपण सगळे ताठ उभे आहोत, आणि त्यातून काही समजत नाही. तुझ्या चिठ्ठ्यांवरून मात्र तुझ्या नातीने घसरायचा दगड शोधला, सीताफळाचं झाड शोधलं आणि पोट धरून हसली. तिने तुला कधी पाहिलं नाही, तरी दिवसभर "आजी क्या बोलती थी" असंच चाललं होतं. हे तू दिलंस. मी तेव्हा अडाणी म्हटलं होतं, ते शब्द मी परत घेते.

मग धबधब्याशी तिने शेवटची चिठ्ठी वाचली. "मम्मी, ये किसने लिखा? खोटा क्यों?"

"पता नहीं," मी म्हणाले.

तिने मला तिथेच बसवलं, पाण्यात पाय टाकायला लावले आणि मोबाईलवर फोटो काढला. पाणी गार होतं. तिथे बसल्यावर मला आठवलं, की त्या दिवशी तू पाण्यात बसलीस तेव्हा मी आणि बाबू मावशीच्या मागे वर जंगलात गेलो होतो. खाली तू आणि बाबा दोघंच होतात, आणि कॅमेरा बाबांच्या गळ्यात होता. तो फोटो निघाला की नाही, मला माहीतच नव्हतं गं. बाबा होते तोवर त्यांना विचारायचीही माझी हिंमत झाली नाही.

घरी येऊन मी गेल्या सालचं कॅलेंडर कापलं आणि तुझं वाक्य तुझ्या शब्दांत लिहिलं. ते जुन्या चिठ्ठीच्या वर सरकवलं. जुनी फेकवली नाही.

हे पत्रही तिथेच मागे ठेवीन. तुला वाचता येत नव्हतं. मामाची पत्रं मीच तुला वाचून दाखवायचे. तू असतीस तर हेही मीच वाचलं असतं. आणि खरं सांगते माय, मी त्या चिठ्ठीत काय लिहिलं होतं, तिथे आल्यावर माझी जीभ आजही वळली नसती. मी तिथे गुरुजींचंच वाक्य वाचलं असतं.