हेरन्सची पहिली निवड

वॉटफर्ड
१२ जुलै २०२५

तीर्थस्वरूप शशीमामांस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही तिघंही ठीक आहोत, आणि तुमची तब्येत चांगली असेल असं धरून चालते. उल्कामामी गेल्यापासून तुम्ही नीट स्वयंपाक करता की टोस्टवर भागवता, हे तुमच्या पत्रातून मला कधीच कळत नाही. या वेळी खरं लिहा.

मूळ मुद्द्यावर येते. तनिषाची ए-लेव्हल्सची परीक्षा संपली. युनिव्हर्सिटीत मेकॅनिकल इंजिनियरिंगची ऑफर हातात आहे, फक्त रिझल्ट यायचा आहे. आणि गेल्या रविवारी जेवताना ती म्हणाली की तिला युनिव्हर्सिटीत जायचंच नाही. तुमच्या साउथहॅम्प्टनच्या बंदरात कंटेनर उतरवणाऱ्या त्या प्रचंड क्रेन आहेत ना, त्यांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत तिनं अप्रेंटिसशिपचा अर्ज केला होता. इंटरव्ह्यूही देऊन आली. मला वाटत होतं त्या दिवशी ती मैत्रिणीकडे गेली होती. कंपनीनं तिला घेतलं आहे. आठवड्यातले चार दिवस काम, एक दिवस कॉलेज, आणि शेवटी डिग्री मिळते म्हणे. यतीन बाप असून नुसतं म्हणाला, छान आहे. मी विचारलं, कोणाला भाजी वाढू का.

मामा, तुम्हाला तर आठवत असेल. आईनं हाउन्सलोला विमानातल्या जेवणाचे ट्रे भरण्यात जन्म घालवला. त्या गार खोलीत हातमोज्यांवर हातमोजे घालून उभी असायची. मी फार्मसिस्ट झाले त्या आठवड्यात तिनं ते हातमोजे बिनमध्ये टाकले आणि वर झाकण दाबलं. आता तिची नात हौसेनं ओव्हरॉल घालून वाऱ्यात शिडी चढणार. मी तनिषाशी भांडत नाही, पण आमचं बोलणं सध्या 'दूध संपलंय' आणि 'बिन्स बाहेर ठेव' एवढंच आहे.

ती तुमचं ऐकते. तिला एक पत्र लिहा. आधी डिग्री, मग हवं ते कर, एवढंच.

तुमची माया आमच्यावर आहेच, तिच्यावर आता हा आणखी एक भार.

आपली
अनुया


साउथहॅम्प्टन
१५ जुलै २०२५

चि. सौ. अनुया हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कालच वांग्याचं भरीत केलं होतं, तेव्हा टोस्टचा आरोप मागे घे.

तुझ्या काळजीकडे येतो, पण आधी माझा आनंद तुला ऐकून घ्यावा लागेल. बेसबॉलचा ड्राफ्ट झाला. तुला दर जुलैत समजावतो आणि दर जुलैत तू विसरतेस, म्हणून पुन्हा सांगतो. अमेरिकेत शाळा-कॉलेजांतून खेळणाऱ्या मुलांमधून मोठे संघ पाळीपाळीनं एकेक मुलगा निवडतात. जे आदल्या वर्षी जास्त हरले त्यांची पाळी साधारण आधी येते, त्यामुळे माझ्या हेरन्सची पाळी नेहमीच लवकर असते. फेलोशिपच्या वेळी तिकडे होतो तेव्हा हा संघ गळ्यात पडला, तो आजतागायत उतरलेला नाही.

सकाळी चहाचं आधण ठेवून फोन उघडला. हेरन्सनी पहिल्याच फेरीत वेस्ली टॉड नावाचा पिचर घेतला आहे, म्हणजे चेंडू टाकणारा. नेब्रास्कातल्या लहानशा गावातला, शाळेतून नुकता बाहेर पडलेला, डावखुरा. मी त्याचे व्हिडिओ बघत बसलो आणि चहा उकळून कडू झाला. चेंडू सोडताना हा मुलगा काही विशेष करतोय असं वाटतच नाही, आणि समोरचा बॅट फिरवून बसतो तेव्हा चेंडू केव्हाच मागच्याच्या हातात गेलेला असतो.

हेरन्सचे फॅन या देशात आम्ही मोजकेच. त्यातला एक सुदैवानं इथलाच आहे, कीथ, बसचा निवृत्त ड्रायव्हर. मंगळवारी आम्ही कॉफीला भेटतो. आज तो इतका चिडला होता की त्यानं केकही घेतला नाही. त्याचं म्हणणं, आपल्याला फटके मारणारा हवा होता, आणि कोवळ्या पिचरचं कोपर म्हणजे काचेचं भांडं. आमच्या ऑनलाइन ग्रुपवर तर सुतक पडलं आहे. एकानं लिहिलं की त्याच्या कुत्र्यानं याहून बरी निवड केली असती. मी एकटाच खूश आहे, आणि एकटं खूश असण्यात वेगळीच मजा आहे.

धोका एकच. वेस्लीला युनिव्हर्सिटीनंही बोलावलं आहे आणि हेरन्सना नाही म्हणून तो तिकडे जाऊ शकतो. महिनाअखेरपर्यंत कळेल. मला सांग, चेंडू टाकायला युनिव्हर्सिटी काय शिकवणार? ज्यांनी जन्मभर तेच केलं त्यांच्यात जाऊन राहावं, पहिल्या दिवसापासून हात काळे करावेत, चुकावं, ओरडा खावा. त्या वयात शिकलेलं अंगात मुरतं.

आता तनिषा. तुझं अगदी बरोबर आहे. आधी डिग्री. तिला वेगळं पत्र लिहून याच पाकिटात घातलं आहे. जरा कडक झालं आहे, पण चालेल.

यतीनरावांना नमस्कार सांग. जीव लावत आलीस तशीच लावत जा.

तुझा
शशीमामा


वॉटफर्ड
१९ जुलै

प्रिय शशीआजोबा,
सा. न. वि. वि. (याचा अर्थ आईने सांगितला होता पण मी विसरली.)

माझा मराठी चुकतो, सॉरी. हा पत्र आईला करेक्ट करायला दिला नाही, कारण तो प्रायव्हेट आहे.

तुमचा पत्र मी वाचली. तुम्ही लिहिलं की हात काळे करायला पूर्ण आयुष्य आहे, आधी डोक्याला धार लाव. ओके. मग आईचा पत्र टेबलवर होता आणि मी तो पण वाचली. वाचायचं नसतं, आय नो. त्यात तुम्ही वेस्लीसाठी लिहिलं की युनिव्हर्सिटी काय शिकवणार, पहिल्या दिवसापासून हात काळे करावेत.

आजोबा, वेस्ली अठरा वर्षाचा आहे. मी पण अठरा आहे. दोन पत्र एकाच पाकिटात होते. मी खूप हसली. मग थोडं रडली, पण जास्त नाही.

तुम्ही वेस्लीला इतका वेळ बघितलं की तुमचा चहा जळला. मला कोणी बघितलंच नाही. आईने कंपनीचा वेबसाइट पण उघडला नाही. तिला वाटतं की मला अभ्यास नको म्हणून मी हे करते. मला मॅथ्समध्ये ए ग्रेडसाठी प्रेडिक्ट केलं आहे.

तीस तारखेला संध्याकाळी कंपनीत फॅमिली इव्हिनिंग आहे. नवीन अप्रेंटिसच्या घरच्यांना बोलावलं आहे. आई म्हणाली ती येणार नाही. बाबाचा त्या दिवशी लेट शिफ्ट आहे. तुमच्या घरापासून बस आहे, मी चेक केलं. तुम्ही येणार का? बघून मग नाही म्हणा. तेव्हा मी चिडणार नाही. म्हणजे चिडेन, पण ऐकेन.

खूप खूप प्रेम,
तनिषा


साउथहॅम्प्टन
२२ जुलै २०२५

चि. तनिषास,
अनेक आशीर्वाद.

तू मला चांगलंच पकडलंस. कीथला तुझं पत्र भाषांतर करून सांगितलं. तो इतका हसला की शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली, आणि आज त्यानं केकही खाल्ला.

मी येतो. स्टेशनवर तुला घ्यायला थांबेन. काही ठरवून येणार नाही, पण प्रश्न विचारीन, आणि ते सोपे नसतील.

पत्र हे 'ते' असतं, 'तो' नाही. एवढं सोडलं तर तुझं मराठी मला आवडलं.

तुझा
शशीआजोबा


साउथहॅम्प्टन
३१ जुलै २०२५

चि. सौ. अनुया हिस,
अनेक आशीर्वाद.

दोन बातम्या आहेत, दोन्ही मुलांच्या.

पहिली म्हणजे वेस्ली नाही म्हणाला. हेरन्सचा करार न करता तो युनिव्हर्सिटीत चालला आहे. आमच्या ग्रुपवर जे त्याला घेतला म्हणून शिव्या देत होते तेच आता तो गेला म्हणून देताहेत. ज्याला कीथ काचेचं भांडं म्हणत होता त्याच्यासाठी तो मंगळवारी अगदी हळवा झाला होता. मीही चिडायच्या तयारीत होतो. मग त्या मुलानं काय सांगितलं ते वाचलं. त्याचा थोरला भाऊ त्याच युनिव्हर्सिटीच्या संघात आहे, आणि तो कॅचर आहे, म्हणजे पिचरनं टाकलेला चेंडू झेलणारा. लहानपणापासून हा टाकतो आणि तो झेलतो. भावाचं आता शेवटचं वर्ष. ते एक वर्ष दोघांना मिळून खेळायचं आहे, मोठा संघ नंतर बघू, असं तो म्हणाला. यावर चिडायचं कसं, ते मला जमेना. त्याला निवडायला गेलेल्यांनी त्याचा वेग मोजला होता, कोपर तपासलं होतं. हे कोणी विचारलंच नव्हतं.

म्हणून काल बसमध्ये बसल्या बसल्या मी तनिषाला विचारलं की बाई, तुला हेच का हवं आहे. ती म्हणाली की शाळेत तिनं जे जे बनवलं ते मार्क मिळाल्यावर स्किपमध्ये, म्हणजे भंगाराच्या पेटीत गेलं. तिला असं काहीतरी दुरुस्त करायचं आहे जे दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाच्या तरी कामाला येईल. मी तिकीट कुठं ठेवलं ते शोधत बसलो.

कंपनीत ॲलिसन नावाच्या बाई होत्या, अप्रेंटिस मुलांचं सगळं त्याच बघतात. तुझ्या मनात असतील ते प्रश्न मी विचारले. डिग्री खरी असते का? खरी असते, युनिव्हर्सिटीच देते. वारा सुटला की काय? वारा ठरलेल्या वेगापुढे गेला की कोणी वर चढत नाही, आणि चढताना पट्टा अडकवलेला असतो. मुली किती? या वर्षी तिघी. मी म्हटलं कमी आहेत. त्या म्हणाल्या, मलाही तसंच वाटतं. त्यांचं हे उत्तर मला आवडलं. मग तनिषानं प्रश्न सुरू केले. चहा संपला, बिस्किटं संपली, लोक कोट घालून निघाले, मी मांडीवर तिचं जॅकेट घेऊन बसलो होतो आणि ती अजून विचारत होती. तिला असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. घरी ती पाहुण्यांसमोर सोफ्याच्या कडेला बसते. काल ती खोलीच्या मधोमध उभी होती.

ताईच्या हातमोज्यांचं तू लिहिलंस ते मी विसरलेलो नाही. पण ताईपुढे दुसरी ऑफर नव्हती, अनुया. तिनं ट्रे भरले ते कोणाला तरी पुढे निवडता यावं म्हणून. तुझ्या मुलीपुढे दोन आहेत आणि ती निवडते आहे. माझं मत बदललं आहे, ते तुला सांगणं भाग होतं. पण आई तू आहेस. तू नाही म्हणालीस तर मी तुझ्या बाजूनंही लिहीन, फक्त या वेळी दोन पत्रं एका पाकिटात घालणार नाही.

उल्काची शिवणाची खोली रिकामीच आहे. तिथून बंदराची बस थेट आहे.

रागावली असलीस तरी पत्र लिही.

तुझा
शशीमामा


वॉटफर्ड
१७ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप शशीमामांस,
शि. सा. न. वि. वि.

रागावले होते, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. तुम्हाला वकील म्हणून पाठवलं आणि तुम्ही पलीकडच्या बाकावर जाऊन बसलात.

गुरुवारी रिझल्ट लागला. मॅथ्सला ए स्टार, फिजिक्सला ए. युनिव्हर्सिटीची जागा पक्की झाली. यतीन पेढे घेऊन आला. मी तनिषाकडे बघत होते. ती खूश होती, पण परीक्षा पास झालेली माणसं असतात तेवढीच. मग संध्याकाळी त्या ॲलिसनचा अभिनंदनाचा फोन आला आणि ही बागेत जाऊन बोलायला लागली. मी किचनच्या खिडकीतून पाहिलं. ती बोलता बोलता लॉनवर गोल गोल फिरत होती, अनवाणी. मी फार्मसीच्या पहिल्या नोकरीचा फोन घेतला होता तेव्हा अशीच आईच्या फ्लॅटमध्ये सोफ्याभोवती फिरले होते. आई म्हणाली होती, बस की आता, कार्पेट झिजेल.

ती आत आल्यावर मी विचारलं की स्टीलच्या टोकाचे बूट कंपनी देते की आपण घ्यायचे. ती गळ्यात पडली आणि बराच वेळ सोडेना. कंपनी देते, असं नंतर कळलं.

युनिव्हर्सिटीला नकार कळवला. तो ईमेल तिनं माझ्या शेजारी बसून लिहिला आणि पाठवायचं बटण मला दाबायला लावलं. दाबण्याआधी मी तो तीनदा वाचला, हे मी तुम्हालाच सांगते आहे.

यतीननं वाचून सांगितलं की पहिल्या फेरीतला मुलगा नाही म्हणाला तर त्या संघाला पुढच्या वर्षी बदल्यात आणखी एक निवड मिळते. मामा, तुमच्या खेळाचे नियम माझ्यापेक्षा तुमच्यावर जास्त मेहेरबान आहेत. माझी एकुलती एक तुमच्या घरी चालली आहे. तिला फ्रिजमधल्या उरलेल्या डब्यांवर ठेवू नका. ती कारली खात नाही, खाते म्हणाली तर विश्वास ठेवू नका. ३० तारखेला तिला कारनं घेऊन येतो.

आता तिच्या वाटची माया तुम्ही करायची आणि आमच्या वाटची थोडी शिल्लक ठेवायची.

आपली
अनुया


साउथहॅम्प्टन
२१ सप्टेंबर

प्रिय आई,
साष्टांग नमस्कार. (आजोबांनी पूर्ण लिहायला शिकवलं.)

आपण रोज मेसेज करतो, पण आजोबा म्हणाले की काही गोष्टी पत्रात लिहायच्या असतात. ते पत्र तपासणार नाहीत असं प्रॉमिस केलं आहे.

मी बरी आहे. जेवते. आजोबा मला रोज डबा देतात आणि माझ्या टीममधल्या लोकांना त्यांचा मेथीचा पराठा माझ्यापेक्षा जास्त आवडतो. मंगळवारी कॉफीवरून कीथ पण घरी येतो. तो आणि आजोबा हेरन्सच्या मॅचबद्दल भांडतात आणि मला अंपायर करतात. मला रूल्स येत नाहीत हे दोघांना चालतं.

शुक्रवारी मी पहिल्यांदा क्रेनवर अगदी वरपर्यंत गेली. तुला आधी सांगितलं नाही, कारण तू झोपली नसती. वारा नव्हता. पट्टा होता. माझ्यापुढे विष्णू होता, तो थर्ड इयरचा अप्रेंटिस आहे, आणि तो दर प्लॅटफॉर्मवर थांबून बघायचा की मी येते का. मधेच मी खाली बघितलं. मी त्याला सांगितलं की मला एक मिनिट पाहिजे. तो म्हणाला की सगळ्यांना इथेच पाहिजे असतो. आम्ही उभे राहिलो. मग मी चढली.

वरून सगळं पाणी दिसतं. एक खूप मोठा जहाज येत होता आणि त्याच्यापुढे त्याला ओढणारी टगबोट इतकी छोटी होती की मला हसू आलं. विष्णूने मला एक ब्रेक उघडून दाखवला आणि त्याचा झिजलेला पॅड मला काढायला दिला. नवा मी लावला. त्याने चेक केला, मग सुपरवायझरने चेक केला, मग ती म्हणाली ठीक आहे. फक्त ठीक आहे. आई, मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

काल शनिवार होता. आजोबांना घेऊन मी पाण्याजवळच्या पार्कमध्ये गेली. तिथून आमची क्रेन लांबून दिसते. ती कंटेनर उचलत होती आणि बरोबर जागेवर थांबत होती. आजोबा बाकावर बसून खूप वेळ बघत होते. मग त्यांनी विचारलं की यातला तुझा ब्रेक कोणता. मी बोट दाखवलं. त्यांना इतकं लांबचं काही दिसलं नसेल, पण ते म्हणाले, दिसला.

तू ये. पुढच्या रविवारी बाबाला सुट्टी आहे. तुला पण दाखवते.

तू काळजी करते हे मला माहीत आहे. कर. पण रोज नको.

तुझी
तनू